एक कोलन राहिला आणि मॅन्युअलमधली सूचनाच गायब झाली: फॉरमॅटिंगच्या चुका आपोआप पकडायची तुमची पद्धत काय?

पांढरी_शाई (ठाणे), सोमवार रात्री

वागळे इस्टेटमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी डॉक्युमेंटेशनचं काम करते. आमचं सॉफ्टवेअर सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं. वापरणारे बहुतेक सोसायटीचे खजिनदार आणि सेक्रेटरी, त्यातले बरेच जण साठी ओलांडलेले. ही माणसं मॅन्युअल खरोखर वाचतात. पानं छापून घेतात, फाइलला लावतात, एकेका पायरीवर पेन्सिलीने खूण करत पुढे जातात. म्हणून आम्ही मॅन्युअल मराठीतही काढतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या खजिनदारांचा फोन आला. त्यांनी 'वर्षअखेर बंद करा' हे बटण दाबलं होतं. एकदा वर्ष बंद झालं की नोंदींना कुलूप लागतं आणि शिलकी पुढच्या वर्षात ओढल्या जातात. मार्चच्या काही पावत्या चढवायच्या राहिल्या होत्या. मी विचारलं, "काका, बंद करण्याआधी बॅकअप घेतलात ना? मॅन्युअलमध्ये तशी सूचना आहे." ते म्हणाले, "पान माझ्या हातात आहे. तशी सूचना नाही." मी पुन्हा सांगितलं, सातव्या पायरीच्या आधी, पिवळ्या चौकटीत. त्यांनी सहावी आणि सातवी पायरी मला वाचून दाखवली. मध्ये काहीच नव्हतं.

फाइल उघडली तर सूचना जागच्या जागी होती, मीच लिहिलेली. आम्ही रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत लिहितो आणि स्फिंक्स या साधनाने त्याची पानं बनवतो. सूचनेची चौकट हवी असेल तर ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, एक मोकळी जागा, मग 'वॉर्निंग' हा शब्द आणि त्याला लागून दोन कोलन लागतात. माझा एकच कोलन पडला होता. एक कोलन असला की स्फिंक्स त्या ओळीला लेखकाची खासगी टिप्पणी समजतं. टिप्पणी छापायची नसते, म्हणून तिच्यासकट तिच्याखाली आत सरकवून लिहिलेला सगळा मजकूर गाळला जातो. टिप्पणी लिहिणं पूर्णपणे वैध, त्यामुळे बिल्डला, म्हणजे पानं बनवण्याच्या प्रक्रियेला, तक्रार करायचं कारणच नव्हतं. हिरवी खूण आली आणि पान प्रकाशित झालं. दोघांनी रिव्ह्यू केला होता, पण मूळ फाइलवर, आणि तिथे सूचना ठळक दिसत होती.

आम्ही डेटाबेसमधून त्यांचं वर्ष परत उघडून दिलं, तरी दोन दिवसांच्या नोंदी त्यांना पुन्हा कराव्या लागल्या. ते एका शब्दानेही रागावले नाहीत. मला मात्र ती गोष्ट अजून सलते आहे. सूचना लिहिली होती, तपासली होती, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

अशा चुका माणसाच्या डोळ्यावर सोडायच्या नाहीत असं मी ठरवलंय. तुमच्याकडे डॉक्सच्या तपासण्या कशा लावल्यात? मराठी मजकुरासाठी वेगळं काही करावं लागतं का? आणि जुन्या पानांचं काय करता?

---

ऐरोलीकर, सोमवार रात्री

ताई, स्फिंक्स-लिंट नावाचं छोटं साधन आहे. पायथन भाषेच्या स्वतःच्या डॉक्ससाठी लिहिलेल्या तपासणीतून ते पुढे आलं आणि पायथनवाले आजही तेच चालवतात. तुमची चूक ते नेमकी पकडतं. 'ही टिप्पणी दिसतेय, पण इथे निर्देश द्यायचा असावा' अशा अर्थाचा संदेश ओळ क्रमांकासह देतं.

'लिंट' या शब्दाचा अर्थ कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. १९७८ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेच्या प्रोग्रॅममधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाला हे नाव दिलं. कपडा फाटलेला नसतो, पण तंतू झटकल्याशिवाय घालून बाहेर पडू नये. डॉक्सच्या लिंटरचं कामही तेच. कम्पायलरला जे वैध वाटतं, पण लिहिणाऱ्याच्या मनात जे नक्कीच नव्हतं, ते दाखवायचं.

आमच्याकडे पहिली पायरी म्हणजे बिल्डच कडक करणं. स्फिंक्सला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय दिला की त्याने दिलेली प्रत्येक वॉर्निंग एरर ठरते आणि बिल्ड लाल होतं. पहिल्याच चुकीपाशी न थांबता सगळी यादी एकदम मिळते. स्फिंक्स ८.१ च्या आधी त्यासाठी सोबत 'कीप-गोइंग' द्यावं लागायचं. इंडेंट चुकणं, बॅकटिक (`) उघडून बंद न करणं, नसलेल्या पानाचा संदर्भ देणं, हे सगळं इथेच सापडतं. मात्र तुमची चूक यात सापडली नसती, कारण तिथे स्फिंक्सने वॉर्निंगच दिली नव्हती. त्यासाठी लिंटर वेगळा चालवायलाच हवा.

लिंक तपासायला स्फिंक्समध्येच 'लिंकचेक' आहे. तो प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल मुख्य फाइलींत मिसळायच्या (मर्जच्या) विनंतीवर, चालवू नका. समोरचा सर्व्हर पाच मिनिटं झोपला तरी तुमचं मर्ज अडतं, मग लोक वैतागून सगळ्याच तपासण्यांवर विश्वास ठेवायचं सोडतात. आम्ही तो रोज रात्री चालवतो आणि सकाळी यादी बघतो.

---

कोपरी_पूल, मंगळवार सकाळी

आमचा अनुभव वेगळ्या चुकीचा, पण दुखणं तेच. इन्स्टॉलेशन गाइडमधला एक कमांड कुणीतरी आधी वर्डमध्ये लिहिला आणि तिथून उचलून आणला. पर्यायाच्या आधी दोन हायफन असतात ना, वर्डने त्यांचा एक लांब डॅश केला. सरळ अवतरणचिन्हं होती, तीही वळणदार झाली. पानावर सुंदर दिसत होतं. क्लायंटच्या इंजिनिअरने रात्री मेंटेनन्सच्या वेळेत तो कमांड कॉपी करून चालवला आणि तो चालेना. तासभर त्याला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय.

आता एक वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट आहे. कोड ब्लॉकच्या आत लांब डॅश, वळणदार अवतरण किंवा न तुटणारी स्पेस दिसली की थांबवते. बाहेरच्या मजकुरात ही चिन्हं हवी तेवढी वापरा, तिथे ती काही म्हणत नाही. सेटिंग्ज लिहायच्या यामल फाइलचे नमुने असतील तर टॅबही बघा. यामलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालतच नाही, आणि डोळ्याला टॅब आणि स्पेस एकसारखेच दिसतात.

---

पांढरी_शाई, मंगळवार दुपारी

ऐरोलीकर, मनापासून आभार. डबा खाता खाता स्फिंक्स-लिंट बसवून चालवलं. वर्षअखेरची चूक तर सापडलीच, आणखी तीन ठिकाणी एकच कोलन निघाला. त्यातली एक सूचना चेक परत आल्यावर नोंद कशी उलटवायची याबद्दलची होती आणि ती दोन वर्षांपासून कुणालाच दिसलेली नाही. काही क्षण मी नुसती स्क्रीनकडे बघत होते.

कोपरी_पूल, तुमची स्क्रिप्ट आमच्याकडेही लागेल. बॅकअपचा कमांड आम्ही मॅन्युअलमध्ये देतो.

---

सेक्टर_सतरा (वाशी), मंगळवार संध्याकाळी

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

महापेच्या एका मोठ्या ऑफिसात होतो तेव्हा हाच उत्साह वरून आला होता. एका सोमवारी सगळे नियम, सगळ्या पानांवर, एकदम चालू झाले. आदल्या आठवड्यात ज्याने एका वाक्यातलं स्पेलिंग सुधारलं होतं त्याच्या समोर अख्ख्या जुन्या फाइलच्या शेकडो लाल ओळी आल्या. ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा मोठी, ओळीच्या शेवटी स्पेस, कोड ब्लॉकला भाषेचं नाव नाही. त्याने काय करावं? त्याने फाइलच्या डोक्यावर 'ही फाइल तपासू नका' अशी ओळ टाकली. दुसऱ्याने तेच केलं. तीन महिन्यांनी निम्म्या फाइलींच्या डोक्यावर ती ओळ होती, आणि खऱ्या चुका त्याच पांघरुणाखाली सुखाने राहत होत्या. शेवटी तपासणीच बंद केली.

माझं म्हणणं एवढंच की ज्या चुकीमुळे वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही तिच्यासाठी कुणाचं काम अडवू नये. ओळीच्या शेवटच्या स्पेसने कुठल्या खजिनदाराचं नुकसान झालंय?

---

पामबीच, मंगळवार रात्री

सेक्टर_सतरा यांच्याशी बहुतांशी सहमत, फक्त त्यांनी दिलेलं उदाहरण मला पटत नाही. मार्कडाऊन या दुसऱ्या लेखनपद्धतीत ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोडा' असा हुकूम असतो. पत्ता लिहिताना लोक तो मुद्दाम वापरतात. एडिटरने फाइल सेव्ह करताना शेवटच्या स्पेस आपोआप उडवल्या की पत्त्याच्या चार ओळी एका ओळीत येतात. म्हणून मार्कडाऊनलिंटचा एमडी००९ हा नियम शेवटच्या दोन स्पेसना मुळातच सूट देतो. कुठला नियम निरुपद्रवी आहे हे त्या त्या भाषेत पाहावं लागतं.

जुन्या पानांचं आम्ही असं केलं. तपासणी फक्त बदललेल्या ओळींवर. रिव्ह्यूडॉग नावाचं साधन कुठल्याही लिंटरची यादी घेतं आणि पुल रिक्वेस्टमधल्या बदललेल्या ओळींपुरतीच शेरेबाजी ठेवतं. ज्याने ओळ लिहिली त्यालाच ती ओळ सुधारायला सांगितली जाते, आजोबांच्या काळातली नव्हे. आणि जे यंत्राला स्वतः सुधारता येतं, म्हणजे रिकाम्या ओळी, यादीच्या खुणा, फाइलीच्या शेवटची नवी ओळ, ते एका शुक्रवारी संध्याकाळी एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, सुधारून टाकलं. त्या कमिटमध्ये मजकुराचा एक शब्दही बदलायचा नाही हे पथ्य पाळलं. नाहीतर पुढे कुणी काय बदललं ते शोधणं अशक्य होतं.

ऐंशी अक्षरांचा नियम आम्ही पहिल्या दिवशीच बंद केला.

---

ऐरोलीकर, मंगळवार रात्री

तो तर मराठीसाठी बंद करायलाच हवा. तो नियम डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजत नाही, आतले संकेतांक मोजतो. 'क्षेत्र' आपल्याला दोन अक्षरी शब्द, त्याच्या हिशेबाने सात: क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त, र. मराठी ओळ अर्ध्यावर आली की तो ओरडायला लागतो.

---

खिळाजुळारी (नौपाडा), बुधवार सकाळी

मी सॉफ्टवेअरमधला नव्हे. चाळीस वर्षं छापखान्यात गेली, आधी खिळे जुळवण्यात, मग प्रूफं वाचण्यात. मुलगी तुमच्या क्षेत्रात आहे, तिने हा धागा दाखवला. दोन-चार गोष्टी सुचल्या त्या सांगतो.

पहिली गोष्ट, विसर्ग आणि कोलन. 'टीप:' असं लिहायचं असताना किती जण 'टीपः' लिहितात ते मोजून बघा. दिसायला जवळजवळ सारखं. छापील पुस्तकात वाचक समजून घेतो. तुमच्या यंत्राला एका कोलनचा एवढा फरक पडत असेल तर विसर्गाने काय होईल? प्रूफ वाचताना मी यासाठी वेगळी फेरी करत असे. पूर्ण फॉर्मा फक्त विसर्ग बघत वाचायचा, अर्थाकडे लक्षच द्यायचं नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की डोळा चूक स्वतःच दुरुस्त करून वाचतो. तुमच्या दोन्ही रिव्ह्यू करणाऱ्यांचं तेच झालं असणार. त्यांना दोष देऊ नका.

दुसरी गोष्ट, आकडे. मराठी मॅन्युअलमध्ये तुम्ही पायऱ्यांना १, २, ३ असे देवनागरी आकडे देता का? ते तुमच्या यंत्राला कळतात का?

तिसरी, 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' यांतला तो अर्धा र. कळफलकावर तो दोन तऱ्हांनी येतो असं मुलगी म्हणाली. तो नीट राहतो आहे का ते बघा. आमच्याकडे तो खिळाच वेगळा असे आणि नवीन पोरं हमखास त्याच्या जागी रफार लावत.

---

पांढरी_शाई, बुधवार रात्री

काका, तुमचा प्रतिसाद लोकलमध्ये वाचला आणि घरी आल्यावर तिन्ही गोष्टी करून बघितल्या. तिन्ही ठिकाणी चुका सापडल्या. सविस्तर लिहिते, मराठीत डॉक्स लिहिणाऱ्या प्रत्येकाला उपयोग होईल.

विसर्ग: आमच्या कॉन्फिगच्या यामल नमुन्यात एका ठिकाणी 'भाषा' या किल्लीनंतर कोलनऐवजी विसर्ग होता. यामलला ती किल्ली वाटतच नाही, सरळ एक शब्द वाटतो. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा कुठे फरक दिसला. आता नियम केलाय: विसर्गानंतर लगेच स्पेस किंवा ओळीचा शेवट आला तर थांबव. 'दुःख', 'अंतःकरण' अशा शब्दांत विसर्ग मध्ये येतो, ते सुटतात. 'स्वतः', 'विशेषतः', 'पुनः' असे शेवटी विसर्ग असलेले खरे शब्द एका फाइलीत लिहून ठेवलेत, त्यांना सूट. ती यादी वाढत जाणार, पण हरकत नाही.

आकडे: मार्कडाऊनचं कॉमनमार्क हे प्रमाणरूप घ्या किंवा आमचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, दोन्हीकडे क्रमांकित यादीची खूण म्हणून आकडे द्यायचे तर ते इंग्रजीच चालतात. '१.' ने सुरू होणारी ओळ त्यांना साधं वाक्य वाटते. मधे मोकळी ओळ नसेल तर पाचही पायऱ्या एका परिच्छेदात सलग चिकटतात. आमच्या 'नवीन सभासद जोडणे' या पानावर हे झालेलं होतं आणि त्याला कुणीच चूक म्हटलं नव्हतं, 'पान जरा गिचमिड आहे' एवढंच म्हटलं होतं. आता मूळ फाइलीत इंग्रजी आकडे लिहायचे आणि पानावर देवनागरी दिसण्याचं काम स्टाइलशीटवर सोपवायचं. सीएसएसमध्ये यादीसाठी देवनागरी क्रमांकाचा प्रकार आहेच. ओळीच्या सुरुवातीला देवनागरी आकडा आणि टिंब दिसलं की तपासणी अडवते.

अर्धा र: हा सगळ्यात नाजूक निघाला. 'दुसऱ्या' हा शब्द ऱ, हलन्त, य असा लिहिता येतो, किंवा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, मग य असाही. डोळ्याला दोन्ही एकच. आमच्या एका डेव्हलपरने सद्हेतूने एक स्क्रिप्ट लावली होती: कॉपी-पेस्टमधून येणारी सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायची. इंग्रजी पानांना ते योग्यच. मराठी पानांवर त्या स्क्रिप्टने दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या प्रत्येक 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' केला, रफार डोक्यावर. म्हणजे आमची तपासणीच चूक घडवत होती. शोधातही अडचण होतीच. एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या पानात सापडत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून आता आधी सगळीकडे 'ऱ'चं रूप करून घेते, मगच अदृश्य चिन्हांची तपासणी.

आणखी एक स्वतःला सापडलं. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये मथळ्याखाली बरोबरच्या खुणांची रेघ ओढावी लागते आणि ती मथळ्यापेक्षा आखूड चालत नाही. 'स्थापना' हा मथळा डोळ्याला तीन अक्षरांचा. खाली तीन खुणा दिल्या. डॉक्युटिल्स, म्हणजे स्फिंक्सच्या पोटातलं वाचणारं यंत्र, हलन्त सोडून देतं पण काने आणि मात्रा मोजतं, त्यामुळे त्याच्या मते 'स्थापना'ची रुंदी सहा. चार किंवा पाच खुणा दिल्या असत्या तर 'रेघ आखूड आहे' अशी वॉर्निंग आली असती आणि कडक बिल्डने ती पकडली असती. पण चारपेक्षा कमी खुणा असतील तर ते त्याला मथळाच मानत नाही, साधा मजकूर समजून पुढे जातं, आणि ही नोंद वॉर्निंगच्याही खालच्या पातळीवर करतं, जी आपल्याला दिसत नाही. पानावर 'स्थापना ===' असं एक वाक्य छापलं जातं आणि अनुक्रमणिकेतून प्रकरण नाहीसं होतं. रेघ लांब असलेली चालते, म्हणून आता प्रत्येक मथळ्याखाली सरसकट चाळीस खुणा.

---

खिळाजुळारी, गुरुवार सकाळी

पोरी, उत्तम. 'दुसर्या' वाचून मला आमच्या छापखान्यातला शिकाऊ मुलगा आठवला.

एक विचारतो. शुद्धलेखनही याच्यातच घालणार का? मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, पुढे १९७२ मध्ये चार वाढले, अठरा झाले. ते यंत्राला शिकवता येतील का?

---

पामबीच, गुरुवार दुपारी

काका, व्हेल नावाचं साधन आहे. ते मजकुरातले शब्द बघतं आणि नियम आपण साध्या यामल फाइलीत लिहायचे. 'आणी' दिसलं तर 'आणि' सुचव, 'सॉफ्टवेर' दिसलं तर 'सॉफ्टवेअर' सुचव, हे आम्ही करतो आणि छान चालतं. पण ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शब्दाच्या व्युत्पत्तीवर जातात, तत्सम कुठला आणि मराठी कुठला ते ठरवावं लागतं. ते नियमाच्या ओळीत बसत नाही. आम्ही ठरावीक शब्दांची जोडयादी ठेवतो आणि तिची सूचना येते, मर्ज अडत नाही. शब्दावर वाद होऊ शकतो. गाळल्या गेलेल्या चौकटीवर वाद होत नाही. अडवायचं ते फक्त दुसऱ्या प्रकारासाठी.

---

घणसोली_गाव, गुरुवार दुपारी

मार्कडाऊनवाल्यांसाठी एक भर. फाइली ठेवायच्या गिटहब साइटवर पानाचा जो प्रीव्ह्यू दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाऊन आणलं तेव्हा बारीक नियम बरेच मोकळे होते, म्हणून प्रत्येकाने ते वाचणारा आपापला प्रोग्रॅम लिहिला. २०१४ मध्ये कॉमनमार्कने नियम पक्के केले, पण सगळे ते पाळतात असं नाही. आमची साइट एमकेडॉक्स या साधनाने बनते, त्यात मार्कडाऊन वाचायला पायथन-मार्कडाऊन आहे. पायरीच्या आतला मजकूर गिटहबला तीन स्पेसने आत घेतला तरी पुरतो, पायथन-मार्कडाऊनला चार लागतात. रिव्ह्यूत यादी सरळ, साइटवर पायरीखालचा परिच्छेद बाहेर पडलेला. शिवाय त्यातला तीन बॅकटिकांचा कोड ब्लॉक यादीच्या आत चालतच नाही, त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन घालावं लागतं.

म्हणून तपासणी नेहमी त्याच साधनाने करायची ज्याने शेवटचं पान बनतं. आम्ही एमकेडॉक्स 'स्ट्रिक्ट'वर चालवतो आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टची तात्पुरती साइट उभी करतो. रिव्ह्यू त्या साइटवर.

---

सेक्टर_सतरा, गुरुवार संध्याकाळी

हे पटलं. माझ्या जुन्या ऑफिसात सगळ्यांनी मूळ फाइल तपासली, छापून येणारं पान कुणी तपासलंच नाही. पांढरी_शाई, तुमच्याकडे मूळ फाइलीत किती सूचना आहेत आणि तयार पानावर किती चौकटी उमटल्या, हे मोजून ताडता येईल का? आकडे जुळले नाहीत की बिल्ड लाल. मग कोलन चुको, इंडेंट चुको किंवा उद्या तिसरंच काही चुको, कारण माहीत नसलं तरी सूचना हरवल्याचं कळेल.

---

पांढरी_शाई, शुक्रवार रात्री

सेक्टर_सतरा, तुमची सूचना आज पूर्ण दिवस घालून केली. स्फिंक्स एचटीएमएल बनवताना प्रत्येक चौकटीला ठरावीक क्लास देतं, तो मोजायचा. मूळ फाइलीत मी फक्त ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, स्पेस आणि 'वॉर्निंग' एवढंच बघते, पुढे किती कोलन आहेत ते बघतच नाही. म्हणजे लिहिणाऱ्याचा हेतू मोजला जातो. मुद्दाम एक कोलन काढून बघितला. बिल्ड लाल झालं आणि संदेश आला.

संदेशाबद्दल थोडं. साधनांचे मूळ संदेश इंग्रजीत आणि फार त्रोटक असतात. आमच्याकडे सपोर्टमधली दोन मुलं अधूनमधून मॅन्युअलमध्ये भर घालतात, त्यांना 'अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन' वाचून काहीच कळत नव्हतं, आणि ती प्रत्येक वेळी मला विचारायला संकोचायची. आता आमच्या स्क्रिप्टचे संदेश मराठीत आहेत. आजचा असा आहे: 'वर्षअखेर या फाइलीत ५ सूचना लिहिल्या आहेत, पानावर ४ दिसतात. ८८व्या ओळीतला कोलन बघा.' त्यातल्या एका मुलाने आज दुपारी न विचारता स्वतःची चूक सुधारली आणि मर्जसाठी पाठवली. पूर्वी मी त्याच्या प्रत्येक फाइलीवर दहा-दहा शेरे लिहायचे, स्पेस दे, रिकामी ओळ सोड, आणि तो हिरमुसायचा. आज मला त्याच्या लिखाणातल्या सहाव्या पायरीवर बोलायला वेळ मिळाला. तिथे त्याने 'सेव्ह करा' नंतर 'पावती क्रमांक टाका' लिहिलं होतं. क्रम उलटा होता. ते कुठल्याही लिंटरला कळलं नसतं.

तपासणी दोन जागी लावली आहे. कमिट करताना प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्री-कमिट या साधनाने, आणि मर्जच्या आधी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या पाइपलाइनमध्ये. लॅपटॉपवरची वगळता येते आणि कुणी बसवायला विसरूही शकतं, म्हणून खरा अडसर पाइपलाइनचाच. अडवणारे नियम सध्या सहाच: हरवलेली चौकट, कोड ब्लॉकमधली नकली चिन्हं, चुकीच्या जागचा विसर्ग, ओळीच्या सुरुवातीचा देवनागरी आकडा, झेडडब्ल्यूजेचा अर्धा र आणि मथळ्याची आखूड रेघ. बाकी सगळं सूचनेपुरतं.

---

ऐरोलीकर, शुक्रवार रात्री

एकेरी बॅकटिकचा सातवा घ्या. मार्कडाऊनमधून आलेली माणसं सवयीने कमांड एका बॅकटिकमध्ये लिहितात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडला दोन लागतात, एकात लिहिलेलं बहुधा तिरप्या अक्षरात येतं. स्फिंक्स-लिंटमध्ये 'डीफॉल्ट-रोल' नावाचा नियम आहे, तो आपोआप चालू नसतो, नाव देऊन चालू करावा लागतो.

आणि शक्य झालं तर विसर्गाच्या अपवादांची यादी इथे द्या. आम्ही मराठी मदत-पानं सुरू करतोय, पहिल्या दिवसापासून लावू.

---

पांढरी_शाई, शनिवार सकाळी

सातवा घेतला. पहिल्याच फेरीत अकरा जागा निघाल्या, सगळ्या बॅकअपच्या प्रकरणात.

स्क्रिप्ट आणि विसर्गाची यादी बाहेर द्यायला ऑफिसातून तोंडी होकार मिळालाय, लेखी सोमवारी मिळेल. मिळताच इथे टाकते. काका, यादी टाकण्याआधी तुमच्याकडे एकदा पाठवू का? 'पुनः' ठेवायचा की 'पुन्हा'च लिहायला सांगायचं, इथे मी अडले आहे.

घोडबंदरच्या खजिनदारांना सुधारलेलं पान काल पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सहावी पायरी वाचली, मग चौकट वाचली, मग सातवी वाचली.

---

खिळाजुळारी, शनिवार सकाळी

पाठव. 'पुन्हा' लिही.